लाँग क्यूटी (प्रकार २) असलेल्या गरोदर स्त्रीचं सिझेरियन: स्पायनल, सीएसई आणि नंतरचं वेदनाशमन

प्रश्न
३८ आठवडे, लाँग क्यूटी (हृदयाच्या विद्युत लयीचा जन्मजात दोष) प्रकार २, ठरवून सिझेरियन. क्यूटीसी (ईसीजीवरचं, नाडीच्या गतीनुसार सुधारलेलं क्यूटी अंतर) ४९० मिलिसेकंद, प्रोप्रानोलॉल (बीटा ब्लॉकर) चालू, पूर्वी एकदा बेशुद्धी. नेहमीचं स्पायनल (कण्यातल्या द्रवात एकाच इंजेक्शनने भूल) द्यावं की सीएसई (स्पायनल आणि एपिड्यूरलची नळी एकत्र)? नंतर दुखण्यासाठी काय द्यावं?

प्रतिसाद १
सीएसई. हेवी ब्युपिव्हाकेन ०.५% फक्त १.५ मिली, फेंटानिल १५ मायक्रोग्रॅम. भुलेची पातळी टी४ (स्तनाग्रांच्या उंची) पर्यंत चढली नाही तर एपिड्यूरलमधून २% लिग्नोकेन ३-४ मिली करत वाढवा, त्यात ॲड्रेनलिन मिसळू नका. पूर्ण मात्रेच्या स्पायनलने रक्तदाब झपकन कोसळतो आणि मग इफेड्रिन (ॲड्रेनलिनसारखं हृदयाला उत्तेजित करून रक्तदाब वाढवणारं औषध) द्यायची वेळ येते. या रुग्णाला तेच टाळायचंय. प्रोप्रानोलॉलचा सकाळचा डोस चुकवू नका. पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम नॉर्मल.

प्रतिसाद २
सुईपेक्षा मला काळजी सवयीने दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची वाटते. मळमळीला ओंडानसेट्रॉन, थरथरीला ट्रॅमाडॉल, संसर्ग टाळायला ॲझिथ्रोमायसिन: तिन्ही क्यूटी लांबवतात. मळमळ होण्याआधीच डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम द्या. थरथर होऊ नये म्हणून गरम हवेचं पांघरूण आणि कोमट सलाइन सुरुवातीपासून लावा. ऑक्सिटोसिनचा (गर्भाशय आकुंचन पावण्यासाठीचं औषध) बोलस, म्हणजे एकदम दिलेली मात्रा, नको, पंपावर तासाला ७.५ युनिटच्या आसपास.

स्पायनलमध्ये मॉर्फिन १०० मायक्रोग्रॅम घातलं तर दुखणं छान आवरतं, पण त्याने खाज आणि मळमळ होते, आणि रात्रीची सिस्टर लगेच ओंडानसेट्रॉन काढते. मॉर्फिन देणार असाल तर केसपेपरवर "ओंडानसेट्रॉन देऊ नये" असं ठळक लिहा आणि खाजेसाठी नाल्ब्युफिन २.५ मिलिग्रॅम लिहून ठेवा. एपिड्यूरलची नळी असल्याने मॉर्फिन टाळून ०.१% रोपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) ही चालवता येईल. जोडीला पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी आणि डायक्लोफेनॅक.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. रक्तदाब टिकवायला फिनायलेफ्रिन पंपावर चालू असताना नाडी ४५ वर उतरली तर ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) देऊ का?

प्रतिसाद १
आधी पंप थांबवा. रक्तदाब तेव्हा बहुधा चांगला किंवा जास्तच असतो, नाडी आपोआप वर येते. पण दुर्लक्ष करू नका: प्रकार २ मध्ये ठोक्यांमधला लांब विराम हाच टॉर्सादला (जीवघेण्या, वेगवान अनियमित ठोक्यांना) आमंत्रण देतो. रक्तदाबही पडलेला असेल तर भूल वर चढली आहे का ते पाहा. तिथे ॲट्रोपिन लागेल.

प्रतिसाद ३
डिफिब्रिलेटरचे पॅड भूल देण्याआधीच छातीवर चिकटवा, पेसिंगची (विजेच्या झटक्यांनी ठोके चालू ठेवण्याची) सोय असलेलं यंत्र घ्या. टॉर्साद झाला आणि नाडी लागत असेल तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम १० मिनिटांत. नाडी नसेल तर लगेच सिंक न करता (ठोक्याशी वेळ न जुळवता) शॉक. अमिओडारोन अजिबात नको, क्यूटी आणखी लांबेल.

प्रकार २ ला दचकणं बाधतं, म्हणून मॉनिटरचा अलार्म आणि वॉर्डातला फोन हळू आवाजात ठेवा. या प्रकारात खरा धोका प्रसूतीनंतरच्या ९ महिन्यांत वाढतो, त्यामुळे बीटा ब्लॉकर त्याच संध्याकाळी पुन्हा चालू करा आणि किमान २४ तास ईसीजीवर ठेवा.