उंदराचं खरं, माणसाचं वेगळं

मेंदूतल्या वासाच्या केंद्रात आयुष्यभर नव्या चेतापेशी येत राहतात, असं म्हटलं जातं. उंदरांपुरतं अगदी बरोबर. तिथे मेंदूतल्या पोकळीच्या भिंतीत जन्मलेल्या पेशी सरकत सरकत गंधकंदात, म्हणजे या वासाच्या केंद्रात, पोचतात आणि शेजारच्या पेशींना आवर घालायचं काम करतात. मिळतेजुळते वास वेगळे ओळखायला त्याची मदत होते असं मानतात. एक नाकपुडी बंद ठेवली की त्या बाजूच्या नव्या पेशी जास्त मरतात!

माणसाचं मात्र तसं दिसत नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएतही उतरतो. त्यावरून स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०१२ मध्ये पेशींचं वय काढलं, तर गंधकंदातल्या चेतापेशी जवळपास माणसाच्याच वयाच्या निघाल्या. कोविडनंतर वास परत येतो त्याचं श्रेय बरंचसं नाकातल्या अस्तराला. तिथे मोठेपणीही नव्या पेशी बनतात.