परमिट रूममध्ये सिगारेट पूर्ण बंद करावी की सिगारेटसाठी काचेची खोली बांधावी?

गंगापूरनाका:
गंगापूर रोडवर फॅमिली हॉल आणि परमिट रूम मिळून ४६ खुर्च्यांचं हॉटेल आहे. गच्चीवर आणखी पाच टेबलं. एका भागीदाराला कोपऱ्यात १२ बाय १० फुटांची काचेची स्मोकिंग रूम हवी आहे, दुसरा म्हणतो सरळ बंदी करा. कायदा नेमकं काय मागतो, अशी खोली खरंच धूर अडवते का, आणि सरकारनं अशा खोलीची सवलतच काढून टाकावी का? नुसती मतं नकोत, कारणं आणि आकडे द्या.

कलम चार:
बंदी आधीपासूनच आहे, वाद फक्त सवलतीचा आहे. सिगारेट-तंबाखूबद्दलचा २००३ चा कायदा, म्हणजे ज्याला सगळे कोटपा म्हणतात तो, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम एकत्र वाचा. ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच वेगळी जागा ठेवता येते. नियमांच्या व्याख्येत पब आणि बारही रेस्टॉरंटमध्येच मोडतात, त्यामुळे तुम्ही पात्र आहात.

पण अटी कडक आहेत. चारही बाजूंना पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारं दार, आतली हवा थेट इमारतीबाहेर, आणि आतला हवेचा दाब बाकी इमारतीपेक्षा कमी. खोली येण्याजाण्याच्या दाराशी नको. आत फक्त धूम्रपान, दुसरी कुठलीही सेवा नाही. म्हणजे पेग नाही, चकणा नाही. ही शेवटची अट बहुतेकांना माहीत नसते आणि तिथेच खोलीचा सगळा हिशोब कोलमडतो, कारण ग्राहकाला ग्लास हातात धरूनच सिगारेट ओढायची असते.

हुक्का या खोलीत बसत नाही. महाराष्ट्रानं २०१८ च्या दुरुस्तीनं हुक्का पार्लरवर वेगळी बंदी घातली. तिथे शिक्षा १ ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते १ लाख दंड अशी आहे. सार्वजनिक जागी सिगारेट ओढल्याच्या २०० रुपयांपर्यंतच्या दंडाशी तिची गल्लत करू नका.

डक्टवाला सातपूर:
खोलीचं गणित मांडतो. १२ बाय १० फूट, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट. एका वेळी बारा माणसं धरली आणि स्मोकिंग लाउंजसाठी पूर्वी वापरला जाणारा माणशी मिनिटाला ६० घनफुटांचा आकडा घेतला, तर मिनिटाला ७२० घनफूट हवा बाहेर फेकावी लागते. म्हणजे तासाला ३६ वेळा खोलीतली सगळी हवा बदलायची. बाहेर ४० अंश असताना तेवढीच ताजी हवा २५ अंशांवर आणायला, नुसत्या तापमानासाठी, साधारण पावणेदोन टन एसी लागतो. माणसांची उष्णता, काच आणि दिवे वेगळे. हा खर्च रोजचा आहे. बिल बघून मालक पंख्याचा वेग कमी करतो आणि त्याच दिवशी खोली निकामी होते.

आता बिघडतं कुठे ते. पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. भट्टीवरच्या हूडचा पंखा स्मोकिंग रूमच्या पंख्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. स्वयंपाकघराला ताजी हवा पुरेशी दिलेली नसेल तर तो हॉलमधूनच हवा ओढतो, हॉलचा दाब खोलीपेक्षाही खाली जातो आणि धूर दाराच्या फटीतून उलटा हॉलमध्ये येतो. म्हणून तपासणी भट्टी पेटलेली, सगळे पंखे चालू असताना करायची. दाराच्या खालच्या फटीशी अगरबत्ती धरा, धूर खोलीत खेचला गेला पाहिजे. दुपारी बंद हॉटेलात केलेली चाचणी काही सांगत नाही.

दुसरं, काच फॉल्स सीलिंगपर्यंतच लावतात. वरची पोकळी हॉलशी जोडलेली असते, आणि डक्टेड, म्हणजे छतातल्या नळ्यांमधून हवा देणारा एसी परतीची हवा त्याच पोकळीतून घेत असेल तर धूर सगळ्या टेबलांवर सारखा वाटला जातो. विभाजन स्लॅबला भिडलं पाहिजे. हॉलमध्ये हवेचा फिल्टर लावून भागेल असंही समजू नका. चांगला फिल्टर कण धरतो, कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू धरत नाही. आणि एवढं सगळं नीट केलं तरी दार उघडलं की दाबातला फरक क्षणात नाहीसा होतो. शनिवारी रात्री ते दार किती वेळ मिटलेलं राहील?

हॉटेल लाइन:
डक्टवाल्यांचं मान्य आहे, पण पूर्ण बंदीचीही दुसरी बाजू बघा. आतली माणसं रस्त्यावर येतात. दारात घोळका, फुटपाथवर थोटकं, वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार. शिवाय शेजारचा बार खुशाल ओढू देत असेल तर नियम पाळणाऱ्याचंच गिऱ्हाईक तुटतं.

कलम चार:
शेजाऱ्याचा मुद्दा खरा आहे आणि माझ्या मते सवलत काढण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच आहे. सवलत आहे तोवर तपासायला आलेल्या माणसाला भिंत, दार, दाब, सेवा असं सगळं बघावं लागतं. सवलत नसेल तर आत पेटलेली सिगारेट दिसली, एवढा पुरावा पुरतो. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला पबसह बहुतेक सगळ्या बंदिस्त कामाच्या जागांवर बंदी आणली, तेव्हा नियम सगळ्या पबना एकच झाला. आपल्याकडे २०२० च्या केंद्रीय दुरुस्ती मसुद्यात हॉटेल-रेस्टॉरंटमधली ही स्मोकिंगची जागा रद्द करून दंड २ हजार करायचा प्रस्ताव होता. दोन्ही व्हायला हवं. २०० रुपये ही रक्कम बारच्या बिलात कुणाला जाणवतही नाही.

आणि ग्राहक तासा-दोन तासांत उठून जातो. वेटर, बारमन, खोली झाडणारा पोऱ्या पूर्ण पाळी तिथेच असतात. सेवा नको म्हटलं तरी राख उचलायला कुणीतरी आत जातंच. त्यांची फुफ्फुसं वाचवणं हे या कायद्याचं पहिलं काम आहे असं मी मानतो.

गंगापूरनाका:
मग गच्ची? ती तर उघडी आहे. आणि बंदी ठरली तर उद्यापासून नेमकं काय करायचं?

कलम चार:
गच्ची सुटत नाही. रेस्टॉरंटच्या व्याख्येत सभोवतालची मोकळी जागाही धरली आहे. टेबलं मांडून तुम्ही तिथे खाणंपिणं देता, म्हणजे नियम तिथेही लागू.

पाटी ६० बाय ३० सेंटिमीटरची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. लाल कडेचं वर्तुळ किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं, त्यात सिगारेट किंवा बिडीवर लाल पट्टा, आणि मजकूर मराठीत. प्रवेशद्वारापाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी लावा. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नावही दिसेल असं लिहा. तक्रार येऊनही त्यानं काही केलं नाही तर जितके ओढणारे तितक्यांचा दंड त्याच्यावर बसू शकतो. राखदाण्या, काडेपेट्या, लायटर टेबलावरून आणि काउंटरवरून उचला. रिकामी राखदाणी हीच परवानगी वाटते.

हॉटेल लाइन:
वेटरला एकच वाक्य शिकवा: "साहेब, आत चालत नाही, कंपाउंडच्या बाहेर जाऊन या, टेबल तुमचंच ठेवतो." वाद घालू नये, ग्लासाला हात लावू नये. ऐकलं नाही तर मॅनेजरनं जावं, आणि तोवर त्या टेबलाची पुढची ऑर्डर थांबवावी. ज्यांना सवय सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत राष्ट्रीय क्रमांक बिलाच्या फोल्डरमध्ये छापून ठेवा.