हंगाम संपल्यावर उभ्या राहणाऱ्या ऊस ट्रॉल्या चोरीपासून कशा सांभाळाव्यात?

प्रश्न : पाणंदकर, वाळवा तालुका

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक ट्रॅक्टर आणि ऊस वाहतुकीच्या दोन चारचाकी ट्रॉल्या आहेत. गळीत हंगामात त्या एक तर फडात असतात, नाहीतर कारखान्याच्या गाडीतळावर, आणि दोन्हीकडे माणसांचा राबता असल्यामुळे तेव्हा चोरीची धास्ती वाटत नाही. खरी अडचण कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप थांबल्यावर, सुरू होते. तेव्हापासून पुढच्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडेपर्यंत सहा-सात महिने ट्रॉल्यांना फारसे काम नसते. वस्तीपुढे जागा अपुरी असल्याने त्या पाणंदीच्या कडेला उभ्या राहतात आणि ट्रॅक्टर तेवढा शेडमध्ये जातो.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून अशीच उभी असलेली एक ट्रॉली रात्रीतून गेली. ट्रॅक्टरचा आवाज दोघा-तिघांनी ऐकला होता. परंतु शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की माणसे पाण्यासाठी रात्रभर ये-जा करतात, नांगरटही रात्री चालते, त्यामुळे कोणी उठून पाहिले नाही. तेव्हापासून घरात हाच विषय आहे. वडिलांचे म्हणणे असे की दोन्ही ट्रॉल्यांना जाड साखळी घालून त्या लिंबाच्या झाडाला बांधाव्यात. धाकट्या भावाला जीपीएस बसवायचे आहे. साखळी कितपत टिकते, ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसताना जीपीएस कसे चालते आणि ट्रॅक्टरचा विमा असेल तर ट्रॉलीची भरपाई मिळते का, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : लोखंडकाम, कऱ्हाड

माझा ट्रॉल्या बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी फक्त लोखंडाच्या बाजूने लिहितो. ट्रॉलीला इंजिन नाही, किल्ली नाही, दार नाही. चोराला लागतो तो एक ट्रॅक्टर आणि एक पिन. दांड्याच्या टोकाची कडी हुकात घेतली, पिन टाकली आणि गाडी निघाली, इतके ते सोपे आहे. म्हणून पहिला बंदोबस्त त्या कडीचाच केला पाहिजे.

कडीच्या भोकातून बाजारातले साधे कुलूप अडकवून काही उपयोग होत नाही, कारण त्याचा आकडा उघडा राहतो आणि कटरच्या एका दाबात तुटतो. आम्ही असे करतो की भोकात जेमतेम बसेल एवढ्या जाडीचा पोलादी गज घ्यायचा, त्याच्या एका टोकाला भोकापेक्षा मोठी जाड चकती वेल्ड करायची आणि दुसऱ्या टोकाला आडवे छिद्र पाडून तिथे कुलूप बसवायचे. मात्र ते कुलूप उघड्यावर ठेवायचे नाही. त्याच्याभोवती जाड पत्र्याची तीन बाजूंनी बंद पेटी कडीलगतच दांड्यावर वेल्ड करायची, म्हणजे खालून हात घालून किल्ली फिरवता येते, पण कटरचा जबडा किंवा ग्राइंडरची चकती आत शिरत नाही. पेटीचे तोंड खालच्या बाजूला ठेवल्याने पावसाचे पाणीही साठत नाही. लोखंड आणि मजुरी धरून हे काम दीड-दोन हजारांत होते. कडी कायमची वेल्ड करून बंद करणारेही मी पाहिले आहेत, पण मोळी पडायच्या आदल्या दिवशी तेच लोक ती कापून घ्यायला आमच्याकडे रांगेत उभे असतात आणि कापताना कडीला जी उष्णता लागते ती पुढे दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना महागात पडू शकते.

एवढ्यावर थांबू नये, कारण कडी बंद असली तरी दांड्याला तारेचा दोर गुंडाळून ट्रॉली ओढून नेता येते. यासाठी चाके काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आसाखाली जॅक लावून लाकडाचे भक्कम ओंडके द्यावेत आणि निदान पुढचे एक व मागचे एक चाक काढून शेडमध्ये ठेवावे. दगडांवर टेकवू नये, दगड फुटतो किंवा घसरतो. टायर उन्हातून आणि चिखलातून वाचतात हा वरचा फायदा. काढलेल्या चाकांचे नट आणि बोल्ट ग्रीस लावून डब्यात ठेवावेत.

साखळीबद्दल आपल्या वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ती कशी घातली यावर सगळे अवलंबून आहे. जमिनीवर लोळणारी साखळी तोडणे फार सोपे जाते, कारण कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार देता येतो. साखळी चासीच्या आडव्या चॅनेलमधून ओढून घ्यावी, दोन्ही ट्रॉल्या एकमेकींना पाठीला पाठ लावून बांधाव्यात, आणि साखळीही कुलूपही हवेत, ताणलेले राहील असे पाहावे. लिंबाचे झाड चालेल. त्यापेक्षा काँक्रीटमध्ये पुरलेला रुळाचा तुकडा बरा. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कुठलीही साखळी काही मिनिटांचीच सोबती असते हे खरे, परंतु ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या या नांगरटीच्या ट्रॅक्टरमध्ये मिसळून जात नाहीत. म्हणूनच ट्रॉली पाणंदीला न ठेवता, थोडी अडचण सोसून, माणूस झोपतो तिथून ऐकू येईल अशा ठिकाणी आणि दांडा भिंतीकडे करून लावावी.

उत्तर : निवृत्त विमा सर्वेक्षक, सांगली

विम्याच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीची भरपाई आपोआप मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या स्वतंत्र आहे, त्याची नोंदणी वेगळी होते आणि त्याला क्रमांकही वेगळा मिळतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा चासी क्रमांक व तिची किंमत लिहिलेली असेल आणि तिच्यासाठी हप्ता भरलेला असेल, तरच ती विमाधारित समजली जाते. शिवाय केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे बहुतेक लोक पॉलिसीचे पहिले पानही न वाचता ती कपाटात ठेवतात, म्हणून आज रात्रीच ती काढून पाहावी.

समजा चोरी झालीच, तर गुन्हा नोंदवण्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. पोलीस ठाण्यात नुसता तक्रार अर्ज देऊन शिक्क्याची प्रत घेऊन घरी येणारे पुष्कळ असतात. विमा कंपनीला तो अर्ज पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा गुन्हा दाखल झाला पाहिजे आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत, जी फिर्यादीला विनामूल्य मिळते, हातात आली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही, आणि ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी माहिती पाठवता येते. फिर्यादीत ट्रॉलीचा चासी क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि अंगावरच्या खुणा लिहून घ्याव्यात. त्याच दिवशी विमा कंपनीलाही लेखी कळवावे. कळवण्यास उशीर झाला म्हणून दावे नाकारले जात असत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, योगायोगाने ट्रॅक्टरचोरीच्याच प्रकरणात, असे ठरवले की पोलिसांकडे तातडीने गुन्हा नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले या कारणावरून खरा दावा फेटाळता येणार नाही. तरीही त्या निकालाच्या भरवशावर स्वस्थ बसू नये, कारण कोर्टकचेरीत जाणारी वर्षे कोणी भरून देत नाही.

तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी व माल मिळाला नाही. ही समरी मंजूर झाल्याची प्रत आल्याशिवाय दावा सहसा निकाली निघत नाही, त्यामुळे तिचा पाठपुरावा आपणच करावा लागतो. उलट ट्रॉली सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते आणि ताबा मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथे नोंदणीचे कागद लागतात. गावच्या कारागिराकडून बांधून घेतलेल्या आणि कधीच नोंदणी न केलेल्या ट्रॉल्यांचे मालक याच पायरीवर अडतात. ट्रॉली डोळ्यांसमोर उभी असते, पण ती आपलीच हे कागदाने सिद्ध करता येत नाही.

उत्तर : सातारकर, सध्या मुक्काम लेस्टर

इथे इंग्लंडमध्ये ट्रॉलीऐवजी सुट्टीत मोटारीमागे ओढून न्यायचे कॅरव्हॅन चोरीला जातात, पण कारण तेच आहे. आमचे स्वतःचे एक छोटे कॅरव्हॅन आहे आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांकच नसतो. ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक मागे लावला की झाले. म्हणजे आपल्याकडची नोंदणी केलेली ट्रॉली या बाबतीत पुढे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅरव्हॅन उत्पादकांच्या संघटनेने १९९२ पासून नोंदवही सुरू केली असून प्रत्येक कॅरव्हॅनला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक दिला जातो आणि तो चासीवर व खिडक्यांच्या काचांवर कोरला जातो. काचा बदलायच्या म्हटल्या तर चोराचा नफाच जातो.

विमा कंपन्या इथे बहुधा कडीचे कुलूप आणि चाकाचे कुलूप अशी दोन्ही मागतात. चाकाच्या कुलपात एक चांगला प्रकार असा आहे की चाकाच्या डिस्कमधल्या फटीतून जाड खिळा आत जाऊन चासीवर आधीच बसवलेल्या खोबणीत अडकतो, त्यामुळे चाक फिरतही नाही आणि निघतही नाही. वरच्या कऱ्हाडच्या मित्रांना हा प्रकार ट्रॉलीच्या डिस्कवर बसवता येईल का, हे जाणून घ्यायला आवडेल.

उत्तर : ऊस वाहतूक ठेकेदार, पंढरपूर

जीपीएसबद्दल लिहितो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना वीज ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून येते, तेव्हा ट्रॅक्टरला जोडायचे उपकरण इथे निरुपयोगी आहे. स्वतःची बॅटरी असलेले, एरवी झोपलेले आणि हालचाल झाली की जागे होणारे उपकरण घ्यावे. दिवसातून एक-दोनदाच ठिकाण कळवायला लावले तर बॅटरी कित्येक महिने पुरते. ते लोखंडी पेटीत बंद केले तर सिग्नल मिळत नाही, आणि चुंबकाने चासीच्या बाहेर चिकटवले तर टॉर्च घेऊन वाकणाऱ्याला लगेच दिसते. आम्ही ते मागच्या दिव्याच्या प्लास्टिकच्या घरात बसवतो. सिमकार्डाचा रिचार्ज संपल्यामुळे ऐन वेळी मुके झालेले उपकरण मी पाहिले आहे, म्हणून रिचार्जची तारीख कोणा एकाच्या अंगावर टाकावी. चावीच्या जुडग्याला लावतात ती ब्लूटूथची बिल्ले आसपास फिरणाऱ्या फोनांच्या भरवशावर चालतात. शहरात ठीक, उसाच्या रानात नाही.

माझ्या मते मात्र खर्चाचा पहिला पैसा ओळखीवर घालावा. चोरलेल्या ट्रॉलीचा रंग बदलतो, फाळके बदलतात, रिबिट मारलेली नावाची पट्टी उचकटली जाते आणि चार-सहा तालुके ओलांडून ती ‘कागद नंतर देतो’ म्हणून निम्म्या भावात विकली जाते. आम्ही अंकांचे पंच घेऊन नोंदणी क्रमांक आणखी तीन ठिकाणी ठोकून ठेवतो: आसाच्या आतल्या बाजूला, टर्न टेबलाच्या (पुढचा आस ज्यावर वळतो त्या चकतीच्या) खाली आणि साट्याच्या, म्हणजे माल भरायच्या तळाच्या, पत्र्याखालच्या चॅनेलवर. मूळ चासी क्रमांकाला किंवा त्याच्या लगतच्या जागेला अजिबात हात लावू नये, नाहीतर आपणच संशयित ठरू. वेल्डिंगचे जुने जोड, वाकलेला फाळका, दुरुस्तीची ठिगळे यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत; रंगाखालीही ठिगळ ठिगळच राहते. जे स्वस्तात जुनी ट्रॉली शोधत असतील त्यांनी नोंदणी क्रमांक परिवहनच्या ॲपवर टाकून चासी क्रमांक स्वतः खरवडून ताडून पाहावा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून तो घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागते, आणि निम्मा भाव हे तसे मानायला कारण ठरू शकते.

पाणंदकर, वाळवा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. पॉलिसी काढून पाहिली. एका ट्रॉलीचा चासी क्रमांक तिच्यात आहे, दुसरी गेल्या वर्षी घेतलेली असल्याने तिचा उल्लेखच नाही. नूतनीकरणापर्यंत न थांबता ती मध्येच वाढवून घेता येते का? आणि लेस्टरच्या दादांनी सांगितलेल्या चाकाच्या खिळ्याबद्दल कऱ्हाडच्या दादांचे मत कळावे.

निवृत्त विमा सर्वेक्षक, सांगली

घेता येते. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि लेखी अर्ज द्यावा, उरलेल्या मुदतीचा हप्ता भरून पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीत तशी जोडनोंद, करून घ्यावे. कंपनी पाहणीसाठी माणूस पाठवू शकते, त्यामुळे त्याआधी चाके काढून ठेवू नयेत.

लोखंडकाम, कऱ्हाड

आपल्या ट्रॉलीच्या डिस्कला बहुधा अशा मोठ्या फटी नसतात, आणि चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस टर्न टेबलासोबत फिरत असल्याने तिथे चासीवरची खोबणी एका रेषेत राहणार नाही. मागच्या आसावर करता येईल: डिस्कला एक छिद्र, आसाला वेल्ड केलेली जाड पट्टी आणि दोन्हींतून जाणारा कुलूपबंद गज. परंतु गज काढायचा विसरून कोणी ट्रॅक्टर जोडून ओढला तर डिस्क फाटते, म्हणून त्या चाकावर लाल रंगाचा ठळक पट्टा मारून घ्यावा. चाक काढून ठेवणार असाल तर या खटाटोपाची गरज नाही. पाहणी उरकली की ट्रॉली घेऊन या, कडीची पेटी तेवढी करून देतो.