ट्रफाल्गार आणि कप्तान ल्युका

ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत ब्रिटिशांकडून झालेल्या फ्रेंचांच्या पराभवाचे खापर काही जण फ्रेंच कप्तानांच्या भित्रेपणावर फोडतात, ते मला मान्य नाही. 74 तोफांच्या 'रदूताब्ल' या फ्रेंच युद्धनौकेचा कप्तान ल्युका याचेच उदाहरण पाहावे. ब्रिटिश नाकेबंदीमुळे फ्रेंच जहाजे बंदरातच अडकून पडत आणि खलाशांना भर समुद्रात तोफांचा सराव मिळत नसे. खरे दुखणे हे होते. ल्युकाने त्यावर उपाय म्हणून आपल्या माणसांना बंदुका, हातगोळे आणि शत्रूच्या जहाजावर चढाई करण्याचे कसून शिक्षण दिले. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज ल्युकाच्या जहाजाला येऊन भिडले, तेव्हा 'रदूताब्ल'च्या डोलकाठीवरून झाडलेल्या गोळीनेच नेल्सनचा प्राण घेतला. 'व्हिक्टरी' उंच असल्यामुळे ल्युकाने मुख्य शिडाची आडवी काठी पाडून तिचा पूल करण्याचा हुकूम दिला होता. पण त्याच वेळी 'टेमेरेअर' या दुसऱ्या ब्रिटिश जहाजाने दुसऱ्या बाजूने तोफांचा भडिमार केला आणि चढाईसाठी डेकवर जमलेली माणसे जागीच कापली गेली. सुमारे 640 जणांपैकी पाचशेहून अधिक मृत वा जखमी झाल्यावर, जहाज बुडण्याच्या बेतात असतानाच त्याने शरणागती पत्करली. पुढे नेपोलियनने त्याचा लीजन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाने गौरव केला, तो सर्वथा योग्यच होता.