योजना तीच, भूमिका मात्र बदलती
आधीच्या सरकारचा आरोग्य विम्यावरील खर्च उधळपट्टी आणि आताचा मात्र लोककल्याण, असा जो युक्तिवाद केला जातो, तो मला पटत नाही; कारण २०१२ साली महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनाच २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावाने पुढे चालू राहिली आणि २०२३ मध्ये दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेऊन पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही तिच्यात घेण्याचा निर्णय झाला. विरोधात असताना ‘पैसा खासगी रुग्णालयांच्या घशात जातो’ असे म्हणायचे आणि सत्तेवर येताच मर्यादा वाढवायची, याची मला मनापासून चीड येते. मावशीच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी केशरी कार्ड घेऊन आम्ही आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलापाशी दुपारपर्यंत ताटकळत होतो आणि मंजुरी केव्हा येणार, एवढेच विचारत होतो.