आइस हॉकीतल्या ‘एन्फोर्सर’ची नोकरी संपत आली, ते बरं झालं की वाईट?

हिमरेषा:
फेब्रुवारी 2025 मध्ये मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. त्यानंतर आमच्या इथल्या मराठी मंडळींतही ‘हीच खरी हॉकी’ असा सूर लागला. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एन्फोर्सर म्हणजे संघानं मुख्यतः मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, दोघांनी हातमोजे टाकून ठोसे सुरू केले की लाइन्समन (सहाय्यक पंच) लगेच मध्ये पडत नाहीत. बहुतेक वेळा कुणीतरी खाली पडेपर्यंत किंवा दमेपर्यंत थांबतात. मग दोघांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवायचं, की पुन्हा खेळायला मोकळे. जर्सीच्या आत पाठीमागे एक पट्टा असतो, तो पँटला अडकवायचा, म्हणजे समोरच्याला जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही. पट्टा न लावता मारामारी केली आणि जर्सी निघाली, तर मात्र सामन्याबाहेर! मारामारी रागाच्या भरात होऊन जाते, असं म्हणायला इथे जागाच नाही. लीगनं तिच्यासाठी कपड्यांपर्यंतचे नियम करून ठेवलेत.

या नोकरीतलं सगळ्यात ठळक नाव डेरेक बूगार्ड. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातल्या पोलिसाचा मुलगा, साडेसहा फुटांहून उंच. 2001 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मिनेसोटा वाइल्डनं त्याला सातव्या फेरीत घेतलं. एनएचएलमध्ये 277 सामने, 3 गोल आणि 589 मिनिटं पेनल्टी. त्याला कशासाठी ठेवलं होतं ते या आकड्यांवरूनच कळतं. 2010 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं चार वर्षांचा करार केला. त्याच डिसेंबरात ओटावाच्या मॅट कार्कनरबरोबरच्या मारामारीत डोक्याला मार बसला आणि तो परत कधी खेळला नाही. मे 2011 मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र पोटात जाऊन तो गेला. वय 28. बॉस्टन विद्यापीठात मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला. डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजत जातो तो हा आजार, आणि एवढ्या तरुण वयाच्या मानानं तो बराच पुढे गेलेला होता.

ज्याला ठोसे मारण्याचा आणि खाण्याचा पगार दिला, त्याच्या डोक्याची जबाबदारी पगार देणाऱ्याची नाही का?

निळी_रेषा:
असहमत. मी तेव्हा सेंट पॉलला, मिनेसोटा वाइल्डच्या शहरात, राहत होतो. बूगार्ड बर्फावर उतरला की लोक उठून उभे राहायचे, लहान मुलं त्याची जर्सी घालून यायची. स्केटिंग जेमतेम असलेला मुलगा या कामामुळेच एनएचएलपर्यंत पोचला. त्याला नुसता बळी ठरवलं तर त्यानं त्यासाठी घेतलेली मेहनत पुसली जाते.

शिवाय हे काम उगाच जन्माला आलं नाही. एडमंटनला विक्रमवीर वेन ग्रेट्झकीच्या वाटेला जाण्याआधी प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या संघातल्या एन्फोर्सरचा, डेव्ह सेमेंकोचा विचार करावा लागायचा. 1988 मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा दुसरा एन्फोर्सर मार्टी मॅकसॉर्लीही त्याच सौद्यात बरोबर गेला. सडपातळ ग्रेट्झकीनं 2,857 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले त्यात या दोघांच्या मुठींचाही वाटा आहे, असं मी मानतो.

गोठलेलं_तळं:
धाकाचा मुद्दा मला पटत नाही. मार्च 2010 मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकनं बॉस्टनच्या मार्क सावार्डच्या डोक्यावर आघात केला. पेनल्टी नाही, निलंबन नाही. पुढच्या गाठीला बॉस्टनच्या शॉन थॉर्नटननं कुकशी मारामारी करून हिशेब चुकता केला. पण सावार्डला काय मिळालं? जानेवारी 2011 नंतर तो एकही सामना खेळू शकला नाही. डोक्यावर आघात करणाऱ्यांना खरा आळा घातला तो त्या प्रकारानंतर आलेल्या नव्या नियमानं आणि निलंबनांनी.

निळी_रेषा:
मग हेही बघा. स्टीव्ह मोंटाडोर काही एन्फोर्सर म्हणून ओळखला जात नव्हता, बचावपटू होता. 2015 मध्ये 35 व्या वर्षी गेला, त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला. एरिक लिंड्रॉसला 2000 मध्ये स्कॉट स्टीव्हन्सनं धडक देऊन आडवं केलं तेव्हाच्या नियमांत ती धडक वैध होती. मारामारी बंद करून डोकी वाचतील हा भाबडेपणा आहे. आणि सीटीईचं निदान मृत्यूनंतरच होतं. ज्या घरांना शंका असते तीच मेंदू देतात, त्यामुळे सगळ्या खेळाडूंबद्दल त्यावरून बोलता येत नाही.

हिमरेषा:
शेवटचा मुद्दा मान्य, प्रमाण किती ते त्यावरून ठरत नाही. पण धडक हा पकसाठीच्या (आइस हॉकीतल्या चकतीसाठीच्या) झुंजीचा भाग आहे. ठोसेबाजी चालू असताना तर खेळ थांबलेला असतो! जो मार टाळता येतो तो आधी टाळा.

लीगचं वागणंही बघा. 2018 मध्ये तीनशेहून अधिक माजी खेळाडूंशी सुमारे 1.9 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही चूक कबूल न करता. बूगार्ड कुटुंबाचा दावा कोर्टात टिकला नाही. मला याचा संताप येतो.

पोराची_आई:
माझा मुलगा टोरोंटोजवळ ज्युनियर हॉकी खेळतो, म्हणून लिहिते. क्यूबेकच्या मोठ्या ज्युनियर लीगनं 2023 मध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायचा नियम केला. 16 ते 20 वर्षांच्या मुलांची लीग आहे ती. तिथं प्रेक्षक काही पळून गेले नाहीत.

पण मॅट रेम्पेचं पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच रेंजर्सकडून, उघड्या मैदानात भरवलेल्या सामन्यात, एनएचएलमध्ये त्याचं पदार्पण झालं. खेळ सुरू होताच मॅट मार्टिनशी मारामारी. दोन मीटर उंचीचा 21 वर्षांचा पोरगा, आणि हजारो लोक टाळ्या वाजवतायत. ही नोकरी संपली असं म्हणता येईल का?

निळी_रेषा:
ताई, तुमची भीती समजते. ज्युनियरमधली बंदी मलाही मान्य आहे. मोठ्यांच्या लीगमध्ये मात्र बंदी नको. त्याऐवजी मार लागलेल्याला खेळवायचं की नाही हे क्लबच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरनं ठरवावं, आणि निवृत्तीनंतरचा उपचार लीगनं आयुष्यभर द्यावा.

हिमरेषा:
या दोन्ही मागण्यांवर तुमच्याबरोबर आहे. बंदीवर नाही. पाच मिनिटं बसून परत येता येतं तोवर प्रशिक्षक कुणाला तरी त्यासाठी पाठवणारच.