१०-१ वरून ११-६, दोष एकट्या हर्ट्सचा नाही

अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२३ चा सीझन क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्समुळे बुडाला असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. इंटरसेप्शन्स (समोरच्या टीमच्या हातात गेलेले पास) त्याने जास्त दिल्या हे खरंय, पण डिफेन्सचं काय? १०-१ (दहा विजय, एक हार) असतानाच लक्षणं दिसत होती, वॉशिंग्टनसारख्या टीमने एकदा ३१-३१ करून ओव्हरटाइमपर्यंत खेचलं आणि नंतर परत ३१ पॉइंट्स काढले, बफेलोची मॅचही ओव्हरटाइममध्येच ३७-३४ सुटली. मग फोर्टीनाइनर्सनी ४२ ठोकले, काउबॉइजनी ३३, आणि त्यानंतर सीझन संपत आलेला असताना डिफेन्सची सूत्रं शॉन देसाईकडून काढून मॅट पॅट्रिशियाकडे दिली!! तो निर्णय मला आजही कळलेला नाही. लगेच सिएटलविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू लॉकने ९२ यार्डांचा ड्राइव्ह करून (बॉल मैदानभर पुढे नेत) मॅच नेली. ॲरिझोनाने ३५ केले तेही फिलाडेल्फियात, आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) टॅम्पाकडून ३२-९ अशी हार.

पुढच्या वर्षी डिफेन्सचा कोच म्हणून विक फँजिओ आला, सेकंडरीत (पास अडवणाऱ्या मागच्या फळीत) मिचेल आणि डीजीन हे दोन रूकी (पहिल्याच वर्षाचे खेळाडू) आले, रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) साक्वॉन बार्कलीने २००५ यार्ड धावून ऑफेन्सवरचं ओझं हलकं केलं, आणि चीफ्सना ४०-२२ हरवून सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला तेव्हा क्वार्टरबॅक हर्ट्सच होता ना, एमव्हीपी (सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू) सुद्धा तोच.